खुब्याचा बॉल वाचवताना

पैनगंगेकाठचं मेहकर बाहेरगावी ओळखलं जातं ते शारंगधर बालाजीमुळे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि एकूण ७०१ किलोमीटरच्या या महामार्गावरचा एक थांबा म्हणूनही गावाचं नाव झालं. रस्त्याला वेग आला की अपघातातला मारही जबर होतो. गाडी धडकून गुडघा डॅशबोर्डवर आपटला, तर तो दणका मांडीच्या हाडातून थेट खुब्यापर्यंत पोचतो.

म्हाताऱ्या माणसाचा खुबा घरात पाय घसरला तरी मोडतो. तरुणाचा मोडायला असाच मोठा आघात लागतो. उपचाराची दिशाही वेगळी. सत्तरीत खुब्याचा बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल डोकं, बदलून रुग्णाला लवकर चालतं करतात. तिशीत मात्र स्वतःचा बॉल वाचवण्याची शिकस्त करतात, कारण कृत्रिम सांधा झिजतो आणि पुढे तो पुन्हा बदलावा लागतो. अडचण रक्तपुरवठ्याची आहे. बॉलकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या बॉलखालच्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या ताणतात, तुटतात. मग हाड जुळूनही बॉल मरू शकतो.

मोडलेली मान धरून ठेवायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिलीत उलट्या त्रिकोणात तीन स्क्रू बसवतात. चीर लहान, स्नायूंना इजा कमी. दुसरी डीएचएस : एक जाड स्क्रू मांडीच्या हाडावरच्या प्लेटच्या नळीत सरकतो आणि पायावर भार येईल तशी तुटलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात. बॉल फिरू नये म्हणून बऱ्याचदा वर आणखी एक स्क्रू घालतात. २०१८ च्या सुमारास आलेली एफएनएस ही लहान प्लेट या दोन्हींचा मध्य साधू पाहते.

निवड बरीचशी मोडीच्या कोनावर ठरते. अस्थितज्ज्ञ पॉवेल्स यांनी १९३५ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले. रेघ आडवी असेल तर शरीराचा भार हाडाला दाबतो. ५० अंशांहून उभी असेल तर तोच भार बॉलला खाली घसरवतो. तरुणांत उभी मोड बरीच आढळते, आणि तिथे प्लेटचा आधार अधिक भक्कम ठरतो.

पण भक्कम म्हणजे निर्धोक नव्हे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या ‘फेथ’ चाचणीत पन्नाशीपुढचे हजारावर रुग्ण होते. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण साधे स्क्रू आणि डीएचएस या दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. सरकलेल्या मोडीत आणि धूम्रपान करणाऱ्यांत डीएचएसचं पारडं जड दिसलं. बॉल मरण्याचं प्रमाण मात्र डीएचएसच्याच गटात जास्त होतं. तरुणांवर इतकी मोठी चाचणी झालेली नाही.

नातेवाईक आधी विचारतात, ‘डॉक्टर, स्क्रू कोणता टाकणार? बाहेरचा मागवू का?’ त्याहून मोलाचा प्रश्न आहे : हाड जागेवर तंतोतंत बसलं का? सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली दोन्ही बाजूंनी नीट बसलेली मान साध्या स्क्रूवरही जुळू शकते. वाकडी बसली तर महागडी प्लेटही तिला फारशी सावरत नाही. आणि जुळल्यावरही निदान दोन वर्षं एक्स-रे चुकवू नयेत, कारण बॉल खराब होत असल्याचं अनेकदा उशिराच कळतं.