लेकीला मिशनच्या कॉलेजात घालायचंय? फीची सोय अशी करा

ताईंनो, नगरचं अहमदनगर कॉलेज डॉ. हिवाळे यांनी 1947 साली सुरू केलं. "ते ख्रिस्ती लोकांचं, तिथं आपल्याला सवलत कुठली?" असं बैठकीत ऐकू येतं. पण तिथं सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. सरकारी शिष्यवृत्ती मुलीचा प्रवर्ग, घरचं उत्पन्न आणि कोर्स बघून मिळते.

1. प्रवेश झाला की लगेच महाडीबीटीवर अर्ज भरा. अनुसूचित जातीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, खुल्या प्रवर्गाच्या राजर्षी शाहू योजनेसाठी 8 लाख. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढा, मुलीचं बँक खातं आधारला जोडा. अर्ज दरवर्षी भरावा लागतो.

2. फी हप्त्यांनी भरता येईल का, 'कमवा आणि शिका'त काम मिळेल का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारा.

3. तरीही कमी पडलं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. 4 लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात.

4. गटाचं कर्ज शेवटी, तेही कमी पडेल तेवढंच. शेकडा 2 रुपये महिना म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि हप्ता पुढच्याच महिन्यापासून. सावकाराकडे तर जाऊच नका.

बारावीचा निकाल लागायच्या आधीच कागदं गोळा करा. दाखल्यावाचून लेकीचं वर्ष वाया जायला नको.