सायंकाळचा आकडा

पुणे महापालिकेचा कोविडचा दैनंदिन अहवाल सायंकाळी बाहेर पडत असे. नवे रुग्ण, बरे होऊन घरी गेलेले, मृत्यू, दिवसभरातील चाचण्या, गंभीर रुग्ण आणि उपचार सुरू असलेले रुग्ण एवढ्याच नोंदी त्यात असत. महापौर मुरलीधर मोहोळ तो समाजमाध्यमांवर टाकत. मग वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवरून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवरून तो घरोघरी पोहोचे. उद्या दुकान उघडायचे का, कामवाल्या मावशींना बोलवायचे का, गावी असलेल्या आईवडिलांना आणायचे का, हे निर्णय अनेक घरांत त्या आकड्याकडे पाहून घेतले जात. राज्यातील साथीची पहिली नोंदही पुण्याचीच: ९ मार्च २०२० रोजी दुबईच्या सहलीहून परतलेल्या दोघांना लागण झाल्याचे पुण्यात निष्पन्न झाले. हे महाराष्ट्रातील पहिले दोन रुग्ण. त्यांना महापालिकेच्या डॉ. नायडू रुग्णालयात दाखल करण्यात आले. सायंकाळचा आकडा एका यंत्रातून निघत नव्हता. अनेक हातांतून गेलेल्या कागदांची ती बेरीज होती.

आकड्याची सुरुवात नाकापासून होई. तपासणी केंद्रावर आधी अर्ज भरला जाई: नाव, वय, मोबाइल क्रमांक, पत्ता, लक्षणे, कोणाच्या संपर्कात आल्याची माहिती. नंतर लवचिक दांडीची, कृत्रिम धाग्याच्या टोकाची काडी नाकाच्या तळाला समांतर, घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत नेली जाई, तिथे काही क्षण फिरवली जाई आणि बाहेर काढून लालसर द्रव असलेल्या नळीत मोडून टाकली जाई. घशातूनही अशीच काडी फिरवत. डोके मागे कलवणे, डोळ्यांतून पाणी येणे, शिंक आवरणे हे सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. काडी वरच्या वर फिरली तर विषाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येई, म्हणून सगळी भिस्त घेणाऱ्याच्या हातावर. हे काम करणारे कर्मचारी एप्रिल-मेच्या उन्हात पायघोळ पीपीई किट घालून उभे असत. किट एकदा अंगावर चढवले की पाणी पिण्यासाठीही काढता येत नसे, कारण ते पुन्हा वापरता येत नव्हते.

बंद नळ्यांवर क्रमांक चिकटवून त्या बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जात. सुरुवातीला पुण्याचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत म्हणजे एनआयव्हीत तपासले जात. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेवर तेव्हा देशभरच्या नमुन्यांचा भार होता. पुढे ससूनशी जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, लष्कराचे वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी, विज्ञान संशोधन संस्था आयसर अशा ठिकाणी आणि खासगी प्रयोगशाळांतही तपासणी सुरू झाली. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात पुण्याच्याच मायलॅब कंपनीच्या आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाली. असे किट तयार करणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली, आणि परदेशी किटची वाट पाहण्याची वेळ काही अंशी टळली.

प्रयोगशाळेतले काम सावकाशीचे आणि एकसुरी असते. सुरक्षा कपाटाच्या काचेआड नळी उघडायची, विषाणू निष्प्रभ करायचा, त्यातले आरएनए वेगळे काढायचे, ते ९६ खळग्यांच्या ताटलीत मोजून भरायचे. काही खळगे पडताळणीसाठी राखलेले असतात. एकात विषाणूचा अंश मुद्दाम टाकलेला असतो, एकात मुळीच नसतो. यंत्र आधी आरएनएचे डीएनए करते आणि मग तापमान वर-खाली करत प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती दुपटीच्या आसपास वाढवत नेते. कितव्या फेरीत चमक दिसली यावरून निकाल ठरतो. ३५ फेऱ्यांच्या आत दिसली तर पॉझिटिव्ह, हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने म्हणजे आयसीएमआरने घातलेला दंडक. पडताळणीच्या खळग्यांनी चुकीचे उत्तर दिले तर सगळी ताटली पुन्हा करावी लागे. काही बिनसले नाही तरी नमुना पोहोचल्यापासून निकाल हाती येईपर्यंत सहा-सात तास सहज जात, आणि नमुने साचले की हेच तास दिवसांत बदलत. त्यामुळे आज सायंकाळी कळणारा आकडा परवाच्या किंवा त्याआधीच्या नाकांचा असे. आणि ती माणसे त्याही आधी चार-पाच दिवस बाधित झालेली असत. शहर आपले आठवडाभरापूर्वीचे चित्र पाहून आजचे निर्णय घेत होते. जुलैपासून अँटिजेन चाचणी आली, अर्ध्या तासात उत्तर मिळू लागले. मात्र तिच्यातून बाधित सुटण्याचे प्रमाण जास्त असल्याने लक्षणे असूनही निगेटिव्ह आलेल्यांची आरटी-पीसीआर पुन्हा करावी लागे.

निकाल आयसीएमआरच्या पोर्टलवर चढे, पॉझिटिव्ह नावांची यादी महापालिकेकडे येई आणि तिथून पंधरा क्षेत्रीय कार्यालयांत वाटली जाई. सर्वांत किचकट काम इथे सुरू होई, ते म्हणजे पत्ता लावणे. पेठांमध्ये घर क्रमांकापेक्षा वाड्याचे किंवा मारुतीचे नाव चालते. उपनगरांत ‘सर्व्हे नंबर’ लिहिलेला असतो आणि एका सर्व्हे नंबरात शेकडो घरे असतात. जनता वसाहतीत किंवा लोहियानगरमध्ये पोस्टमनलाही विचारत जावे लागते. कोणी आधार कार्डावरचा जुना पत्ता देई, कोणी भीतीने चुकीचा मोबाइल क्रमांक लिही, एकाच रुग्णाच्या दोन चाचण्या दोन वेगळ्या स्पेलिंगने नोंदल्या जात. काही नावे पिंपरी-चिंचवडची किंवा हवेली तालुक्याची निघत आणि तिकडे वर्ग होत. कारकून आणि आरोग्य निरीक्षक फोन फिरवत बसत, यादी घासूनपुसून घेत. ही यादी नीट झाली तरच पुढच्या माणसाला योग्य दार ठोठावता येई. या कामाची बातमी क्वचितच झाली, पण शहराला त्याची मोठी गरज होती.

दार ठोठावणाऱ्यांत आशा आणि अंगणवाडी सेविका होत्या, महापालिकेचे शिक्षक होते, परिचारिका होत्या. रुग्णाला घेऊन जायचे की घरीच ठेवायचे हे लक्षणे आणि घरातली जागा पाहून ठरे. स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय नसेल तर बालेवाडीसारख्या ठिकाणच्या कोविड केअर सेंटरमध्ये जावे लागे. मग संपर्कातल्यांची नावे विचारली जात. एका घरात राहणारे, एका ताटात जेवणारे, तोंडावर काही नसताना जवळ बसून बोलणारे हे ‘हाय रिस्क’. ओझरते भेटलेले ‘लो रिस्क’. प्रश्न सोपे, उत्तरे अवघड. रोजंदारीवर जाणारा माणूस मुकादमाचे नाव सांगायला कचरे, कारण उद्या काम बंद होईल. धुणेभांडी करणाऱ्या बाईने चार घरांची नावे सांगितली तर चारही घरे सुटण्याची भीती. सेविका बहुधा त्याच वस्तीतली असे, पोलिओच्या डोसासाठी येणारी म्हणून ओळखीची. तिला सांगितलेले नाव गणवेशातल्या माणसाला सांगितले गेले नसते.

इथे १८९७ ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने साथरोग नियंत्रणासाठी लागू केलेला कायदा १८९७ च्या प्लेगच्या वेळचाच. त्या वर्षी पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या देखरेखीखाली गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या; लोक रुग्ण लपवू लागले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत, १० मार्च रोजी, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २०२० मध्येही पोलिसांच्या काठ्या आणि उठाबशा झाल्या, त्या व्हायला नको होत्या. पण घरात शिरणारी व्यक्ती शेजारची सेविका होती, हा फरक लहान नाही.

यादीतली नावे नकाशावर टाकली की पत्रे लागत. एप्रिल २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात मध्यवर्ती पेठांचा मोठा भाग आणि कोंढव्याचा काही भाग बंद करण्यात आला. भवानी पेठ, कसबा, ढोले पाटील रस्ता, ताडीवाला रस्ता, पाटील इस्टेट ही नावे रोज बातम्यांत येऊ लागली. ‘प्रतिबंधित क्षेत्र’ हा शब्द मुलांच्या तोंडी बसला. गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे, आत दूध-किराण्यासाठी ठरवून दिलेले तास, बाहेर खुर्चीवर बसलेला पोलीस. गुलटेकडीचे मार्केट यार्ड एप्रिलमध्ये बंद झाले तेव्हा शेतकऱ्यांचे टेम्पो थेट सोसायट्यांच्या फाटकाशी येऊ लागले. पत्र्याआडच्या गल्लीत टेम्पो येत नव्हता, तिथली भाजी संस्था-मंडळांच्या कार्यकर्त्यांनी पोहोचवली. पुढे क्षेत्रे आवळली गेली. प्रभागाऐवजी एक इमारत, एक चाळ बंद होऊ लागली. हे शहाणपणाचे होते, कारण अख्खी पेठ बंद केल्याने विषाणूपेक्षा हातावर पोट असलेलेच अधिक अडले होते.

मृत्यूचा रकाना सर्वांत उशिरा भरला जाई. रुग्णालयाकडून कागद यायचा, मृत्यूचे कारण तपासले जायचे, पत्ता शहरातला की बाहेरचा हे पाहिले जायचे. पुण्यातील रुग्णालयांत साताऱ्याचे, नगरचे, सोलापूरचे रुग्ण येत, म्हणून अहवालात ‘पुण्याबाहेरील’ असा वेगळा उल्लेख असे. राज्याच्या यादीचा आणि महापालिकेच्या यादीचा मेळ अनेकदा बसत नसे. १६ जून २०२० रोजी तर राज्याने ताळमेळ घेऊन आधीचे १,३२८ मृत्यू एकदम नोंदीत घेतले. ही उशिराची बेरीज पाहून आकडे दडवल्याची शंका लोकांना येणे स्वाभाविक होते. दुसऱ्या बाजूला वैकुंठ, कैलास, येरवडा इथल्या स्मशानभूमींतील दाहिन्यांवर काम करणाऱ्यांना कोणत्याही अहवालाआधीच दिवसाचा अंदाज आलेला असे. नातेवाईक विलगीकरणात असल्याने अनेक अंत्यसंस्कार परक्यांच्या हातून झाले. सर्व धर्मांच्या मृतांचे अंत्यसंस्कार करणाऱ्या स्वयंसेवकांत मुस्लिम कार्यकर्ते पुढे होते.

सायंकाळचा हा आकडा छापील कागदावर वाचण्याची पुणेकरांची सवय मात्र मोडली होती. १८ एप्रिल २०२० च्या शासन आदेशाने घरोघरी वृत्तपत्र टाकण्यास मनाई झाली. काही दिवसांत ती उर्वरित राज्यात शिथिल झाली, पण मुंबई आणि पुण्याच्या पट्ट्यात कायम राहिली. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, ग्राहकाची संमती असेल तर, अंक पुन्हा दारात पडू लागला. कागदामुळे विषाणू पसरतो याला भक्कम पुरावा नव्हता. पहाटे तीन-चारला उठून गठ्ठे लावणाऱ्या विक्रेत्यांचे आणि मुलांचे दोन महिने उत्पन्न बुडाले, ते भरून निघाले नाही.

अहवाल जे दाखवत नव्हता ते ऑगस्टमध्ये समोर आले. आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संस्थांनी २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात जास्त बाधित अशा पाच प्रभागांतील १,६६४ लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात ती सापडली. म्हणजे या भागांतील निम्म्याहून अधिक लोकांना विषाणू गाठून गेला होता, आणि त्यांतले बहुतेक जण कोणत्याही सायंकाळच्या आकड्यात आले नव्हते. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर होते, कसबा-सोमवार पेठेत ३६ टक्क्यांच्या आसपास. झोपडपट्टीत ते सुमारे ६२ टक्के, चाळीत ५६, बंगल्यांत ४४, सदनिकांत ३३. सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्यांत ६२ टक्के, घरात स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांत ४५. महिनोन्‌महिने ‘बेशिस्त पुणेकर’ असे मथळे येत होते. या तक्त्याने दाखवले की दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि वीस कुटुंबांना एक शौचालय असेल तर शिस्त पाळायला जागाच उरत नाही. शहराची एक संख्या काढण्यापेक्षा ती घराच्या प्रकारापर्यंत आणि नळाच्या तोटीपर्यंत उतरवणे हेच उपयोगाचे काम होते, आणि ते साथीच्या पहिल्या महिन्यापासून व्हायला हवे होते.

१५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हीच दारे पुन्हा ठोठावली गेली. कपाळासमोर तापमापक, बोटाला ऑक्सिमीटर, वहीत मधुमेह आणि रक्तदाबाची नोंद. आजार हाताबाहेर जाण्याआधी माणूस हाती यावा, हा त्यामागचा योग्य विचार. त्या सुमारास देशात सर्वाधिक रुग्ण पुणे जिल्ह्यात होते. ऑगस्टअखेर शिवाजीनगरला सीओईपीच्या मैदानावर ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले होते.

एप्रिल २०२१ मध्ये ही साखळी ताणून तुटली. शहरात एका दिवसात सात हजारांच्या घरात नवे रुग्ण सापडू लागले, उपचाराधीन रुग्ण ५० हजारांच्या वर गेले. संपर्क शोधणे फोनपुरते उरले, नंतर तेही नावापुरते. रुग्णांचे नातेवाईक आकड्याऐवजी विभागीय आयुक्तालयाचा खाटांचा फलक उघडून बसत. व्हेंटिलेटर शून्य, ऑक्सिजन खाटा शून्य, असे तासन्‌तास दिसे. फलकावर खाट दिसेपर्यंत आणि फोन लागेपर्यंत ती गेलेली असे. हडपसरजवळच्या मांजरीत सीरम इन्स्टिट्यूट कोट्यवधी लसी तयार करत असताना पुण्याच्या लसीकरण केंद्रांवर ‘आज लस उपलब्ध नाही’ अशा पाट्या लागत होत्या, आणि अहवालात आता डोसांचा आणखी एक रकाना वाढला होता.

जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉन लाटेत घरच्या घरी करायची चाचणी औषधांच्या दुकानांत सर्रास मिळू लागली होती. पॉझिटिव्ह आलेले अनेक जण कोणालाही न कळवता पाच-सात दिवस घरी बसले. त्यामुळे नव्या रुग्णांची संख्या तुलनेला निरुपयोगी झाली, आणि प्रशासनाचे लक्ष रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या आणि ऑक्सिजनवर असलेल्यांच्या संख्येकडे वळले. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिल रोजी, राज्यातील कोविडचे निर्बंध संपले होते. चैत्रात लक्ष्मी रस्त्यावर खरेदीची गर्दी झाली. मार्च २०२० पासून यादीतले पत्ते शोधणाऱ्या सेविका लसीकरणाच्या आणि पोषण आहाराच्या आपल्या नेहमीच्या नोंदवह्यांकडे परतल्या.