प्रौढ वयातील वैद्यकप्रवेश : दृष्टकर्मतेचा प्रश्न

बँकेतील नोकरी, शिक्षकी पेशा, कारखान्यातील अभियंत्याचे पद अथवा औषधांचे दुकान सांभाळणारी एखादी व्यक्ती वयाच्या पस्तिशी-चाळिशीत बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेण्याचा विचार बोलून दाखविते, तेव्हा आपल्यापैकी बहुतेक व्यवसायबंधू दोहोंपैकी एक उत्तर देतात. काही जण ‘आता या वयात कशाला?’ असे म्हणून विषय संपवितात, तर काही ‘शिकायला वय नसते’ असे म्हणून पाठ थोपटतात. दोन्ही उत्तरे देणाऱ्याच्या सोयीची आहेत. असा सल्ला विचारावयास मंडळी प्रथम आपल्याच चिकित्सालयात येतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा बारकाईने विचार करणे अगत्याचे वाटते.

शास्त्राने या वाटेवर दार लावलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या शिष्योपनयनीय अध्यायात शिष्याचे गुण सांगताना शील, शौर्य, मेधा, धृती, स्मृती यांच्या जोडीला ‘वय’ही गणले आहे, मात्र वर्षांचा आकडा घातलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम आपल्या कार्याचे गुरुलाघव, फळ, अनुबंध, देश व काल यांचा विचार करावा आणि मग शास्त्राची व आचार्याची परीक्षा करावी, असा क्रम आहे. चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात तर विद्या पूर्ण झाल्यावर वैद्याचा नवा जन्म होतो, पूर्वीच्या जन्मामुळे ‘वैद्य’ ही संज्ञा प्राप्त होत नाही, असे प्रतिपादन आहे. कालपर्यंत खतावण्या लिहिणाऱ्याला हे वचन आधार देते. (वैद्यांच्या घरी जन्मलेल्या आपल्या चिरंजीवांनीही ते अधूनमधून वाचावे.)

प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत सर्वांत जड शब्द आहे तो ‘काल’. बी.ए.एम.एस.च्या प्रवेशासाठी २०१८-१९ पासून नीट परीक्षा अनिवार्य झाली आणि या परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये उठविण्यात आली. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. पण वीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याची खरी दमछाक भौतिकशास्त्र करते. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांनी अन्य काहीही करण्यापूर्वी त्या वर्षीची पात्रतेची सूचना शब्दशः वाचावी. पुढे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि बारा महिन्यांची आंतरवासिता. ३८व्या वर्षी तयारीस लागलेली व्यक्ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली, तरी नोंदणी हाती पडेपर्यंत पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर येते. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे धरल्यास अठ्ठेचाळीस. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. हजेरी, शवविच्छेदन व रुग्णालयीन काम नोकरी सांभाळून होत नाही. एवढ्या काळाचा घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि त्यानंतर व्यवसायाची पहिली कोरडी वर्षे, हा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडलेला नसेल, तर प्रवेशअर्ज भरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट लांब असली की आडवाटा मोहात पाडतात. अलाहाबादच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ व ‘आयुर्वेद रत्न’ या पदव्यांना १९३१ ते १९६७ या काळापुरतीच कायद्याने मान्यता होती. त्यानंतरच्या पदव्यांवर व्यवसाय करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. पंचकर्म सहायकाचे प्रशिक्षण उपयुक्त आहे, परंतु ते सहायकाचेच. अध्ययन संपल्यावर राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात पाऊल टाकावे, असे सुश्रुतांनी सांगितले आहे. महाराष्ट्रात आज ती अनुज्ञा म्हणजे १९६१च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखालील नोंदणी.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण या वाटेचा विचार करणाऱ्यांत तेही असतात. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, नुसत्या विक्रीस लागत नाही. परिणामी वीस वर्षे दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाला शेकडो कल्प तोंडपाठ होतात, चांगला हिरडा हातात घेताच ओळखता येतो आणि कोणत्या कल्पाला मागणी का आहे याची जाणही येते. द्रव्यगुण व भैषज्यकल्पना शिकताना हे भांडवल अमोल ठरते. पण त्याच्याच बरोबरीने एक सवय अंगात भिनलेली असते : लक्षणाचे नाव ऐकताच हात फळीकडे जाणे. ताप म्हटला की त्रिभुवनकीर्ती! या कल्पात हिंगूळ व वत्सनाभ आहेत. दोन्ही द्रव्ये औषधी कायद्याच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात येतात आणि अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापावा लागतो. ज्वर साम की निराम, पित्ताचा अनुबंध आहे काय, रुग्णाचे बल किती, या प्रश्नांपाशी थांबावयास शिकणे हे त्या विक्रेत्याला नव्या श्लोकांच्या पाठांतराहून अवघड जाते. नवखा विद्यार्थी फक्त शिकतो. याला आधी जुने पुसावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, अनेकवार कर्म पाहिलेले असणे, दाक्ष्य आणि शौच. प्रौढ विद्यार्थी दाक्ष्य व शौच पूर्वीच्या व्यवसायातून बरोबर आणू शकतो. हिशेबनीसाचा काटेकोरपणा वा शिक्षकाची समजावून सांगण्याची हातोटी चिकित्सालयात वाया जात नाही. शास्त्रज्ञान परिश्रमाने मिळते. दृष्टकर्मता मात्र वर्षांनीच मिळते आणि नेमकी वर्षेच त्याच्याजवळ कमी असतात.

त्यातच रुग्णाची नजर भर घालते. चोवीस वर्षांच्या वैद्यावर रुग्ण चटकन विश्वास ठेवीत नाही. त्या तरुणाला ते खुपते, पण तेच त्याचे संरक्षण असते : सर्दी-खोकल्यापासून त्याची चढण सुरू होते. शेहेचाळीस वर्षांच्या, पांढरे केस असलेल्या नव्या वैद्यासमोर बसणारा रुग्ण मात्र मनोमन वीस वर्षांचा अनुभव गृहीत धरतो आणि पहिल्याच आठवड्यात जीर्ण संधिवात, वृक्कविकार, गर्भिणीची तक्रार घेऊन येतो. उपचार फसला तर किंमत तोच मोजतो.

महाविद्यालयात याची सुरुवात आधीच झालेली असते. वर्गमित्र ‘काका’ म्हणतात आणि वयाने लहान अध्यापक रागावण्यास संकोचतात. नाडी पाहताना बोटे चुकीची पडली, तर विशीतल्या मुलाला जे ताडकन ऐकावे लागते, ते ‘काकां’च्या वाट्याला येत नाही. हा मान शिक्षणाला मारक आहे.

दृष्टकर्मतेची ही निकड ओळखणाऱ्यांत आल्बर्ट श्वाइट्झर यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. धर्मशास्त्राचे अध्यापक आणि नामांकित ऑर्गनवादक असताना त्यांनी १९०५ मध्ये, तिसाव्या वर्षी, वैद्यकाचे अध्ययन आरंभिले. आफ्रिकेतील लांबारेने येथे ते पोहोचले १९१३ साली. पदवी-परीक्षेनंतर रुग्णालयातील अनुभव आणि पॅरिसमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचा अभ्यास, हे दोन्ही त्यांनी गाळले नाही.

आपल्याकडे यावर उपाय म्हणून, नोंदणीनंतर किमान दोन वर्षे ज्येष्ठ वैद्यांकडे सहायक राहणे प्रौढ पदवीधराने आपल्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावे. शास्त्र व कर्म यांपैकी एकच जाणणाऱ्याला सुश्रुतांनी एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. छेदनाचा सराव कोहळा-काकडीवर आणि बंधनाचा वस्त्राच्या पुतळ्यावर करावयास सांगण्यामागचा हेतूही हाच, की पहिली चूक रुग्णाच्या शरीरावर होऊ नये. ज्येष्ठांनी अशा सहायकाला केवळ औषधे देण्याच्या खिडकीत बसवू नये. रुग्ण आत येण्यापूर्वी त्याने स्वतंत्र परीक्षण करून दोष, दूष्य, अग्नी व बल यांसह आपले निदान नोंदवहीत शाईने लिहावे, मग ज्येष्ठांचे निदान ऐकावे आणि फरक पडल्यास तो त्याच पानावर नोंदवावा. महिन्यातून एकदा ती वही दोघांनी समोरासमोर बसून वाचावी. आणि त्या वेळी ज्येष्ठांनी सहायकाच्या केसांचा रंग पाहू नये.