चेहरा नसलेलं व्यक्तिचित्र

आज आपण व्यक्तिचित्राबद्दल बोलणार आहोत, पण अशा व्यक्तिचित्रांबद्दल, ज्यांत चेहराच नाही.

रेने मॅग्रित हा बेल्जियमचा अतिवास्तववादी चित्रकार. १९३७ साली तो लंडनला एडवर्ड जेम्स या धनिकाकडे काही काळ राहिला. जेम्स स्वतः कवी, आणि अतिवास्तववाद्यांचा मोठा आश्रयदाता. पुढे त्यानं वेस्ट डीन ही वडिलोपार्जित इस्टेट न्यासाकडे सोपवली. तिथे १९७१ पासून कला आणि हस्तव्यवसायांचं कॉलेज चालतं.

या जेम्सची मॅग्रितनं त्या वर्षी दोन व्यक्तिचित्रं केली. पहिल्याचं नाव फ्रॉइडवरून घेतलेलं, 'सुखतत्त्व'. त्यासाठी मॅन रे यानं काढलेला फोटो त्याच्यासमोर होता. कोट, टाय, टेबलावर हात, सगळं जागच्या जागी. डोक्याच्या ठिकाणी मात्र प्रकाशाचा झोत!

दुसरं चित्र आज रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात आहे. नाव 'प्रतिकृती करण्यास मनाई'. जेम्स आपल्याकडे पाठ करून आरशासमोर उभा आहे. आरशात काय दिसावं? चेहरा. दिसते ती पुन्हा पाठच. आता गंमत बघा. आरशाखालच्या फळीवर एडगर ॲलन पो याची एक कादंबरी ठेवली आहे. तिचं प्रतिबिंब अगदी नियमानुसार, उलटं पडलेलं आहे. म्हणजे आरसा बिघडलेला नाही. वस्तूच्या बाबतीत तो चोख काम करतो, माणसाच्या बाबतीत नकार देतो.

का? माझ्या मते इथे खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. आपला चेहरा आपल्याला थेट कधीच दिसत नाही. तो दिसतो इतरांना. आपण आरशाच्या, फोटोच्या भरवशावर म्हणतो, 'हा मी.' मॅग्रित तो भरवसाच काढून घेतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य उषस्ताला सांगतात, की पाहणाऱ्याला पाहता येत नाही. मॅग्रितला उपनिषद सांगायचं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण अडचण तीच आहे: जो पाहतो, तो दृश्य कसा होणार?

कुणी म्हणेल, मग याला व्यक्तिचित्र का म्हणायचं? कोणाचीही पाठ चालली असती! तर थोडं थांबा. स्टेशनवरच्या गर्दीत आपण आपल्या वडिलांना कशावरून ओळखतो? चेहरा दिसायच्या आधीच, पाठीवरून, चालीवरून, खांद्याच्या एका झुकण्यावरून. उलट ओळखपत्रावरच्या फोटोत चेहरा स्पष्ट असतो, आणि घरचेच विचारतात, 'अहो, हे तुम्ही?' म्हणजे चेहरा माणसाची नोंद करतो. ओळख ही सहवासातून येते.

साम्य आणि ओळख या दोन गोष्टी आपण सहज एक धरतो. मॅग्रितची ही चित्रं त्यांना वेगळं करून दाखवतात. आज दारावरचं यंत्रही चेहरा तपासून आपल्याला आत घेतं. ते साम्य मोजतं, आणि बहुधा बरोबर मोजतं. पण त्यानं आपल्याला ओळखलं, असं म्हणायचं का?

यावर विचार करून या. पुढच्या व्याख्यानात इथूनच पुढे जाऊ.