भांडी धुण्याची नोकरी : आधी हिशोब, मग भरवसा

मुलगा अमेरिकेला निघाला की पेठेत हमखास ऐकू येते, "तिकडे भांडी घासली तरी खर्च निघतो." या बोलण्यावर विसंबून कोणी माग विकतो, कोणी गाळा गहाण ठेवतो. म्हणून या कामाची माहिती वाचकांपुढे ठेवणे आम्हांस जरूर वाटते.

तेथील मोठ्या किराणा दुकानांत तयार जेवणाचाही विभाग असतो. कोंबडी, पाव भाजतात, सॅलड करतात. त्यांची भांडी धुण्यासाठी अर्धवेळ माणूस ठेवतात. काम तीन खणांच्या सिंकमध्ये चालते. खरकटे काढून पहिल्या खणात साबणाने धुवायचे, दुसऱ्यात खळबळायचे, तिसऱ्यात जंतू मारायचे. सरकारी नमुना नियमावलीप्रमाणे धुण्याचे पाणी किमान ४३ अंश सेल्सिअस हवे. जंतू गरम पाण्याने मारायचे तर ते ७७ अंश हवे आणि भांडे त्यात ३० सेकंद बुडालेले हवे. नंतर फडक्याने पुसायचे नाही, हवेवर वाळू द्यायचे, कारण फडक्यातून जंतू परत येतात. आम्ही जन्मभर कापड विकले, तरी हा नियम आम्हांस पटला. सुरी फेसात सोडायची नाही, नाहीतर पुढचा हात कापतो.

आता हिशोब. आपल्याकडे मागावर मीटर मोजून मजुरी मिळते, तिथे तास मोजून. केंद्राचे किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे; अनेक राज्यांत जास्त आहे. किमान दराने आठवड्याचे २० तास धरले तर १४५ डॉलर होतात. निवृत्ती व वैद्यकीय योजनांसाठी शेकडा ७.६५ कापले की सुमारे १३४ उरतात. आयकर वेगळा. शिवाय तास बांधलेले नसतात; गिऱ्हाईक घटले की तेही घटतात. आठवड्याला ३० तास भरत नाहीत त्यांना आरोग्यविमा देण्याचे कायद्याचे बंधन मालकावर नाही, आणि तिथले औषधपाणी फार महाग आहे.

विद्यार्थ्यांच्या पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एफ-१ व्हिसावरील मुलाला कॉलेज चालू असताना कॉलेजच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेरच्या दुकानात खास परवानगीशिवाय नाही. रोखीने गुपचूप काम केले तर व्हिसाच धोक्यात येतो. मग शिक्षणही गेले आणि गाळाही गेला.

शिवाय अशा स्वयंपाकघरात डुकराच्या मांसाची भांडीही येतात. त्याबद्दल कामाला लागण्याआधीच मालकाला विचारावे आणि आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

मेहनतीच्या कामात कमीपणा नाही. ज्याला कायद्याने काम करण्याची मुभा आहे त्याने ते खुशाल करावे. परंतु या मजुरीतून मुलाचा हातखर्च निघेल, बापाचे कर्ज फिटणार नाही. गाळ्याचे कागद सावकाराच्या हाती देण्यापूर्वी हा हिशोब एकदा घरात बसून मांडावा.