विजेच्या गाडीवरचा अविश्वास: कुठे रास्त, कुठे ऐकीव

ब्रिटनमध्ये २०२५ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी साधारण २३ टक्के निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. उत्पादकांना त्या वर्षासाठी घालून दिलेले लक्ष्य २८ टक्क्यांचे होते. त्याच्या आदल्या वर्षी २२ टक्के अपेक्षित असताना प्रत्यक्ष वाटा २० टक्क्यांच्या आत राहिला होता. नियमांत ठेवलेल्या सवलतींचा आधार घेऊन उत्पादकांना दंड टाळता येतो, हे खरे. पण २०३० पर्यंत हेच प्रमाण ८० टक्क्यांवर न्यायचे आहे. तेव्हा पेट्रोलची गाडी खरोखरच हद्दपार होणार का, अशी शंका कोणी घेतली तर त्यात नवल नाही.

शंकेला सरकारनेही खतपाणी घातले आहे. नव्या पेट्रोल व डिझेल गाड्यांच्या विक्रीवर २०३० पासून बंदी घालण्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी ती मुदत २०३५ वर ढकलली. मजूर पक्षाच्या सरकारने ती पुन्हा २०३० वर आणली; मात्र हायब्रिड गाड्यांना २०३५ पर्यंत मुभा दिली. पाच वर्षांत तीनदा तारीख बदलल्यावर ग्राहक 'थांबून पाहू' म्हणाला, तर दोष ग्राहकाचा कसा?

या बंदीविषयी एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. बंदी नव्या गाड्यांच्या विक्रीवर आहे. असलेली गाडी चालवण्यावर किंवा जुनी गाडी विकत घेण्यावर नाही. २०२९ मध्ये घेतलेली पेट्रोलची गाडी २०४० नंतरही रस्त्यावर दिसू शकेल. ब्रिटनच्या रस्त्यांवर ३ कोटींहून अधिक मोटारी आहेत आणि दरवर्षी नव्या गाड्या जेमतेम २० लाख येतात. म्हणजे विक्रीचे चित्र पालटले तरी रस्त्याचे चित्र पालटायला दीड दशक सहज लागेल.

आता खर्चाकडे वळू, कारण अविश्वासाचे सर्वांत सबळ कारण तिथेच आहे. विजेची गाडी एका युनिटमध्ये साधारण साडेतीन मैल धावते, असे धरू. घरासमोर स्वतःचा ड्राइव्हवे असेल, भिंतीवर चार्जर बसवलेला असेल आणि रात्रीच्या सवलतीच्या दराने, युनिटला ८ पेन्सच्या आसपास, वीज मिळत असेल, तर मैलाला सव्वादोन पेन्स पडतात. लिटरला १३५ पेन्स दराने पेट्रोल भरून गॅलनला ४० मैल देणाऱ्या गाडीला मैलाला १५ पेन्स लागतात. फरक डोळ्यांत भरणारा आहे. परंतु तीच विजेची गाडी महामार्गावरच्या वेगवान चार्जरवर, युनिटला ७५ पेन्स मोजून भरली, तर मैलाला २१ पेन्सच्या वर जातात. पेट्रोलपेक्षाही महाग!

देशातील जवळजवळ एक तृतीयांश घरांना गाडी लावायला स्वतःची जागा नाही. व्हिक्टोरियाच्या काळातल्या टेरेस्ड घरांत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना रात्रीचा स्वस्त दर असून नसल्यासारखाच. त्यात करही विषम आहे. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट, तर सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. ज्याच्याकडे ड्राइव्हवे आहे त्याला सवलत आणि ज्याच्याकडे नाही त्याला भुर्दंड, असा हा उफराटा न्याय आहे. पदपथात लहानशी पन्हळ खोदून केबल रस्त्यापर्यंत नेण्याचा उपाय आहे, पण त्यासाठी कौन्सिलची परवानगी लागते आणि घरासमोरची जागा आपल्यालाच मिळेल याची हमी तरीही नसते.

स्लाउ, हॅरो किंवा रेडिंगमधल्या मराठी नोकरदारांत विजेच्या गाड्या बऱ्याच दिसतात. त्यामागे पर्यावरणप्रेम असेलही, पण करांचे गणित नक्कीच आहे. कंपनीमार्फत 'सॅलरी सॅक्रिफाइस' योजनेत गाडी घेतली की हप्ता करपूर्व पगारातून जातो आणि लाभावरचा कर २०२५-२६ मध्ये गाडीच्या किमतीच्या केवळ ३ टक्के रकमेवर आकारला जातो. पेट्रोलच्या गाडीसाठी हे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत जाते. नव्या विजेच्या गाड्यांतील बहुसंख्य गाड्या कंपन्यांच्या नावावर नोंदल्या जातात, त्याचे कारण हेच. स्वतःच्या खिशातून पूर्ण पैसे मोजणारा ग्राहक अजून हात आखडताच आहे.

सवलती कायम राहतील, असेही नाही. पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे ५२.९५ पेन्स इंधन कर आहे आणि त्यातून सरकारला वर्षाला सुमारे २४ अब्ज पौंड मिळतात. गाड्या विजेवर गेल्या की ही गंगाजळी आटणार. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२८ पासून विजेच्या गाड्यांवर मैलाला ३ पेन्स आकार लावण्याचे जाहीर झाले. वर्षाला ८ हजार मैल चालवणाऱ्याला त्याचे २४० पौंड पडतील.

याउलट काही आक्षेप तपासल्यावर टिकत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ल्यूटन विमानतळाच्या वाहनतळाला आग लागली, तेव्हा विजेच्या गाडीने पेट घेतल्याची अफवा समाजमाध्यमांवर पसरली. आग डिझेल गाडीपासून सुरू झाल्याचे अग्निशमन दलाने स्पष्ट केले, पण अफवा अजून फिरतेच आहे. 'शेवटी वीजही कोळशाचीच ना?' हा प्रश्न कोराडी-चंद्रपूरच्या विजेवर चालणाऱ्या नागपुरात विचारला तर त्यात तथ्य आहे, आणि तिथेही विजेच्या मोटारीची कार्यक्षमता हिशेबात धरावी लागते. ब्रिटनमध्ये मात्र रॅटक्लिफ-ऑन-सोर हे कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. बॅटरी तीन-चार वर्षांत निकामी होते, ही भीतीही अवाजवी. बहुतेक उत्पादक ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी देतात आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेल्यास ती लागू होते.

थंडीत पल्ला घटतो, हे मात्र खरे. तरीही कडाक्याच्या थंडीच्या नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तिथे पेट्रोलच्या गाड्यांवर जबर कर आहे, विजेच्या गाड्यांना दीर्घकाळ करमाफी होती आणि ते धोरण सरकारे बदलली तरी वर्षानुवर्षे टिकले.