लेक जर्मनीच्या खेड्यात: पहिले पंधरा दिवस

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं शहर येतं. पण युरोपात काही कॉलेजं चक्क खेड्यात आहेत. आता आपल्या गटांतल्या बायांची मुलंही तिकडे अर्ज करू लागली आहेत. मुलगी पोहोचली की तिथे तिला काय काय करावं लागतं, हे इथल्या आईलाही माहीत हवं. त्यासाठी आज एका खऱ्या गावाची माहिती घेऊ.

गावाचं नाव होपश्टेटन-वायर्सबाख. नाव लांबलचक, गाव मात्र लहान, वस्ती तीनेक हजारांची. जर्मनीच्या पश्चिमेला राइनलँड-फाल्ट्स राज्यात, फ्रँकफर्टहून रेल्वेने दोनेक तासांवर. तिथे पूर्वी अमेरिकन लष्कराचं इस्पितळ होतं. त्याच जागेत १९९६ पासून सरकारी विद्यापीठाचा 'बिरकेनफेल्ड पर्यावरण कॅम्पस' चालतो. वसतिगृहं आवारातच आहेत. बहुतेक अभ्यासक्रमांना शिकवणी फी नाही, दर सहामाहीला ठरावीक शुल्क तेवढं भरायचं.

मग खर्च कशाचा? राहण्या-जेवण्याचा. व्हिसा मिळण्यासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच दाखवावे लागतात. बहुतेक मुलं ते 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये भरतात. सध्या ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे आपले अंदाजे बारा लाख रुपये. हे पैसे मुलीच्याच नावावर असतात, पण एकदम काढता येत नाहीत. महिन्याला ९९२ युरो सुटतात, आणि तेही तिने जर्मनीत पोहोचून साधं बँक खातं उघडल्यावर.

इथेच पहिल्या दिवसांची खरी अडचण आहे. एक कागद मिळाला की दुसरा मिळतो. खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते, तसा कायदाच आहे. त्या नोंदीसाठी घरमालकाची किंवा वसतिगृहाची सही असलेला दाखला लागतो. पत्त्याची नोंद बँकेत आणि पुढच्या बऱ्याच कामांत मागतात. कॉलेजात नाव पक्कं करायला आरोग्य विम्याचा दाखला लागतो. व्हिसा संपायच्या आत राहण्याचा परवाना काढायचा असतो, त्यासाठी वेळ लवकर मागून ठेवावी लागते. ही साखळी पूर्ण होईस्तोवर बारा लाख खात्यात असून हातात दमडी नाही, अशी वेळ येऊ शकते. म्हणून निदान महिना-दीड महिन्याच्या खर्चाचे पैसे वेगळे जवळ ठेवायचे. खोलीची अनामतही त्यातच धरायची. मात्र करारनामा हातात नसताना, कुणी फोनवर सांगितलं म्हणून अनामत पाठवायची नाही.

आता रोजचं जगणं. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून बाजार शनिवारीच करायचा. बसही रविवारी कमी धावतात. नळाचं पाणी थेट पिता येतं. प्लास्टिकची पाण्याची बाटली घेतली की २५ सेंट अनामत जाते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. कागद, वेष्टनं, ओला कचरा, उरलेला कचरा, सगळं वेगळं टाकायचं. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. संकटात रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे नंबर पहिल्याच दिवशी पाठ करायचे.

थंडीत सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडत नाही आणि दुपारी साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. रस्त्यावर माणूस दिसत नाही. माणसांच्या गजबजाटात वाढलेल्या आपल्या मुलींना ही शांतता खायला उठते. तशात आईचा फोन आला तर पोरगी रडतेही. लगेच "परत ये" म्हणू नका. तिला आवारातल्या इतर मुलींबरोबर स्वयंपाक करायला सांगा, वाटेत भेटेल त्याला 'गुटन टाग' म्हणायला सांगा. खेड्यात ओळख नसली तरी नमस्कार करतात, ओळखी तिथूनच होतात. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात चार वाजलेले असतात. फोनची वेळ ठरवून घ्या, म्हणजे एखादा दिवस फोन उचलला नाही तरी जीव टांगणीला लागणार नाही.

याच राज्यात फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन नावाचा गृहस्थ जन्मला, १८१८ साली. तो खेड्यांचा कारभारी होता. दुष्काळात शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडलेले त्याने पाहिले. १८६४ साली हेडेसडोर्फला त्याने गावकऱ्यांची पतसंस्था काढली. एकमेकांना ओळखणारी माणसं, एकमेकांची जबाबदारी आणि त्या जबाबदारीवर कर्ज. हीच पद्धत अभ्यासून पुढे आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आजही जर्मनीतल्या खेड्यांत बँकेच्या पाटीवर राइफायझेनचं नाव दिसतं. बचत गट चालवणाऱ्या आईची मुलगी त्या पाटीखाली उभी राहील, तेव्हा तिला ते परकं वाटायचं कारण नाही.

आता गटासाठी. एखाद्या ताईने या कामासाठी कर्ज मागितलं, तर दोन गोष्टी विचारा. पहिली, हे पैसे पहिल्या दीड महिन्यासाठी आहेत का? असतील तर गरज खरी आहे. दुसरी, हप्ता कशातून फेडणार? महिन्याचे ९९२ युरो मुलीच्या भाड्या-जेवणातच संपतात. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण लहान गावात कामं थोडी आणि बहुतेक ठिकाणी जर्मन भाषा लागते. म्हणून मुलीच्या कमाईवर हप्ता लावू नका. ताईची इथली मिळकत, दूध, शिलाई, जे काही असेल ते बघून हप्ता ठरवा. हप्त्यासाठी मुलीला तिथे उपाशी राहायची पाळी येता कामा नये.